उंच पर्वतांतील सहल आणि क्रियापदाचा कर्ता

मराठी प्रवासवर्णनाची समीक्षा करताना आपण बहुधा ठरावीक कसोट्या लावतो. निसर्गचित्र कितपत डोळ्यांपुढे उभे राहते, लेखकाचे व्यक्तिमत्त्व कितपत प्रत्ययास येते आणि माहिती कितपत विश्वसनीय आहे, हे पाहून आपण निर्णय देतो. ह्या कसोट्या निरुपयोगी आहेत असे नव्हे. परंतु हिमालयातील पदभ्रमणाची आणि स्थलदर्शनाची जी वर्णने आज दिवाळी अंकांतून, गिर्यारोहकांच्या स्मरणिकांतून आणि महाविद्यालयांच्या वार्षिकांकांतून विपुल प्रमाणात येतात, त्यांना ह्या कसोट्या लावून फारसे काही हाती लागत नाही. सगळीकडे शिखरे विराट असतात, शांतता गूढ असते, आणि सूर्योदय शब्दांत न मावणारा असतो. अशा वेळी विशेषणे बाजूस सारून क्रियापदाकडे वळणे श्रेयस्कर होय. प्रस्तुत लेखात एकच प्रश्न हाती घेतला आहे : उंच पर्वतांतील सुटीच्या मराठी वर्णनात क्रियापदाचा कर्ता कोण असतो, आणि कोण नसतो?

प्रश्न व्याकरणाचा आहे. पण त्याचे उत्तर केवळ व्याकरणापुरते राहत नाही, हे पुढे दिसून येईल.

प्रथम शब्दसामग्री पाहू. मराठी माणूस उंच पर्वताकडे निघाला तेव्हा त्याच्यापाशी दोन तयार भाषा होत्या. एक यात्रेची, दुसरी मोहिमेची. यात्रेच्या भाषेत मुक्काम, मजल, दर्शन, प्रदक्षिणा, पुण्य हे शब्द येतात. मोहिमेची भाषा किल्ल्यांवरून आली. ‘मोहीम’ हा मूळचा अरबी शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि मराठेशाहीत स्वारीच्या अर्थाने रूढ झाला. ‘सर करणे’ हा वाक्प्रचारही फारसी वळणाचा. ‘चढाई’ हा शब्द तर डोंगर चढण्यास आणि शत्रूवर चालून जाण्यास समानच लागू पडतो. आज एखादी गिर्यारोहक तुकडी तळ ठोकते, मोहिमेची आखणी करते, अंतिम चढाई करते, शिखर सर करते आणि निशाण फडकावते. ह्या सबंध वाक्यमालिकेत शिखराऐवजी गड हा शब्द घातला तर एकही क्रियापद बदलावे लागणार नाही. इंग्रजीतही गिर्यारोहणाची परिभाषा पुष्कळशी लष्करी आहे, हे खरे; तथापि मराठीस ती इंग्रजीकडून उसनी घेण्याची गरज पडली नाही. आज्ञापत्रातील दुर्गांचे प्रकरण ज्या भाषेच्या वारशात आहे, तिला डोंगर आणि युद्ध ह्यांची सांगड कोणी नव्याने शिकवावयास नको.

तिसरी भाषा, म्हणजे सुटीची, मात्र उशिरा आली आणि ती अजूनही अंगास नीट बसलेली नाही. ‘सहल’ हा शब्दच पाहावा. अरबीत ‘सहल’ म्हणजे सोपे. सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवरच्या हेमकुंडास धापा टाकीत पोहोचलेला मनुष्य आपल्या प्रवासाला सहल म्हणतो तेव्हा त्या शब्दाच्या मूळ अर्थाला हसू आल्यावाचून राहत नसेल. ‘थंड हवेचे ठिकाण’ ही संज्ञाही अशीच बोलकी आहे. तीत उंची नाही, चढ नाही, तेथे राहणारा मनुष्य नाही. आहे तो फक्त सपाटीवर उकडणाऱ्याचा दृष्टिकोन. महाबळेश्वर (१८२८) आणि माथेरान (१८५०) ही ठिकाणे इंग्रज अधिकाऱ्यांनी वसवली आणि त्यांच्याबरोबर ‘पॉइंट’ हा शब्द आला. त्याचे मराठीकरण आजवर झाले नाही, आणि ते का झाले नाही हे पाहण्याजोगे आहे. पॉइंट ही जागा नसून ती उभे राहण्याची व पाहण्याची एक रीत आहे. तेथे वाहनाने जावयाचे, कठड्याशी उभे राहावयाचे, समोर पाहावयाचे आणि पुढच्या पॉइंटकडे निघावयाचे. ‘टोक’ हा शब्द त्या जागी चालला असता. परंतु टोकावर मनुष्य चालत जातो आणि जपून जातो. पॉइंट ‘केले’ जातात.

ह्या ‘करणे’पाशीच आपल्या प्रश्नाचा गाभा आहे.

पूर्वीच्या मराठीत ‘काशी केली’, ‘चार धाम केले’ असे प्रयोग होते आणि आजही आहेत. तेथे ‘करणे’चे कर्म वरवर स्थळ दिसले तरी अर्थाने ते एक व्रत असते, ज्याप्रमाणे आपण एकादशी करतो. ती यात्रा विधिपूर्वक पार पाडली, एवढाच त्याचा आशय. आज ‘आम्ही मनाली केली’, ‘गेल्या वर्षी कळसूबाई केली, ह्या वर्षी केदारनाथ केला’ असे म्हटले जाते तेव्हा व्रत गळून पडते आणि स्थळच सरळ कर्माच्या जागी येऊन बसते. आता मराठी व्याकरणाची गंमत अशी की, भूतकाळी सकर्मक क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. कळसूबाई ‘केली’, केदारनाथ ‘केला’, शिखर ‘केले’. बोलणारा आपला पराक्रम सांगतो आहे, पण क्रियापदात त्याचा मागमूसही नाही. ते पर्वतापुढे वाकले आहे. चढणारा एकटा होता की दहा जण होते, पुरुष होता की स्त्री होती, हे त्या रूपावरून कळत नाही.

ह्याच्या शेजारी ‘चढणे’ हे क्रियापद ठेवावे. ‘मी डोंगर चढलो’, ‘मी डोंगर चढले’, ‘आम्ही डोंगर चढलो’. येथेही कर्म आहे, डोंगर आहे. तरी क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते. मराठीत अशी क्रियापदे मोजकी आहेत. ‘मी पाणी प्यालो’, ‘मी धडा शिकलो’, ‘मी वाट विसरलो’, ‘मी खोटे बोललो’. सकर्मक असूनही कर्तरी प्रयोगात राहणाऱ्या ह्या क्रियापदांची नोंद आपल्या व्याकरणकारांनी घेतली आहे आणि त्यांना अपवाद म्हणून गणले आहे. परंतु त्यांच्यात काही समान अर्थसूत्र आहे काय, हे पाहू लागले की एक गोष्ट ध्यानात येते. पाणी पिण्याने पाण्यापेक्षा पिणाऱ्यात बदल होतो. शिकण्याने धडा तसाच राहतो, शिकणारा बदलतो. विसरण्याने वाट जागच्या जागी असते, हरवतो तो मनुष्य. क्रियेचे फळ कर्मावर न पडता कर्त्याच्या पदरात पडते. ‘खाणे’ ह्या नियमात बसत नाही, हे मान्य केले पाहिजे. आंबा ‘खाल्ला’ जातो, आणि ‘पिणे’च्या इतक्या जवळ असूनही तो नियम मोडतो. भाषेत अर्थसूत्रे अशीच अर्धीमुर्धी चालतात. तरीही चढणे, उतरणे ही क्रियापदे पिण्याच्या आणि शिकण्याच्या पंक्तीस बसली आहेत, ही गोष्ट लहान नाही. मराठीने फार पूर्वीच ठरवून टाकले आहे की, डोंगर चढल्याने डोंगरास काही होत नाही.

आता सुटीतील वर्णनांत कोणते क्रियापद वापरले जाते, हे पाहणे समीक्षकाच्या कामाचे ठरते. ज्या वर्णनात ‘चढलो, उतरलो, थांबलो, घसरलो, दमलो’ ही क्रियापदे विपुल आहेत तेथे चालणारा मनुष्य पानावर जिवंत असतो. ज्यात ‘केला, गाठला, सर केला, पार केला, कव्हर केला’ ह्यांची रेलचेल असते तेथे स्थळांची यादी उरते. माझा अनुभव असा आहे की, एखाद्या वर्णनाचे पान उलटून केवळ क्रियापदांखाली रेघ ओढीत गेले तर त्याचा दर्जा पुष्कळसा कळून येतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हा प्रयोग करून पाहावा.

पण ‘चढलो’ एवढ्याने वर्णन प्रामाणिक होते असेही नाही. कारण उंच पर्वतातील सुटीत लेखकाखेरीज आणखीही कोणी चढत असतो, आणि बहुधा पाठीवर ओझे घेऊन चढत असतो.

ह्या ठिकाणी मराठीतील एका निरुपद्रवी वाटणाऱ्या रचनेकडे लक्ष वेधावयाचे आहे. लावणे आणि लागणे, शिजवणे आणि शिजणे, पोहोचवणे आणि पोहोचणे, अशा जोड्या मराठीत शेकड्यांनी आहेत. पहिल्या रूपास कर्ता लागतो. दुसऱ्या रूपात काम आपोआप घडते. आता ह्या धर्तीची वाक्ये पाहा : संध्याकाळी मुक्कामावर आलो तो तंबू लागले होते. सामान आधीच पोहोचले होते. गरम सूप तयार झाले होते. पहाटे चार वाजता चहा आला. ही वाक्ये कोणा एका लेखकाची नाहीत; हिमालयातील सुटीचे वर्णन उघडावे आणि दुसऱ्या-तिसऱ्या पानावर ती भेटावीत, इतकी ती रूढ आहेत. व्याकरणदृष्ट्या ती निर्दोष आहेत. पण तीन-साडेतीन हजार मीटर उंचीवर तंबू लागत नाही, तो कोणीतरी लावतो. चहाला पाय नसतात. रॉकेल, भांडी, तांदूळ, अंडी आणि लेखकाची जादा पिशवी ज्याने आणली त्याला अकर्मक क्रियापदाने पुसून टाकले आहे. म्हणजे असे की, ज्या पर्वताला काहीही झाले नाही त्याला लेखकाने ‘केले’, आणि ज्याने खरोखर काही केले त्याचे काम ‘झाले’. सुटीच्या वर्णनातील कर्तृत्वाची ही वाटणी आहे.

गौरीकुंडापासून केदारनाथापर्यंत सुमारे सोळा किलोमीटरची पायवाट आहे. त्या वाटेवर कंडी म्हणजे पाठीवरची टोपली, दंडी म्हणजे खांद्यावर वाहिलेली खुर्ची, पिट्ठू म्हणजे ओझे वाहणारा मनुष्य, आणि घोडेवाले, हे सर्व यात्रेच्या व्यवहाराचे जुने घटक आहेत. मराठी वर्णनांत कंडी आणि घोडा ह्यांचे दर असतात. वाहणाऱ्याचे गाव नसते. जून २०१३ मध्ये मंदाकिनीस जो महापूर आला त्यात वाटेवरचे रामबाडा ठार वाहून गेले. त्यापूर्वीच्या कोणत्याही सर्वसाधारण वर्णनात ‘रामबाड्यास चहा झाला’ अशा थाटाचे वाक्य सहज खपून गेले असते. तो चहा करणारे, त्यांची दुकाने आणि ती वस्ती ह्यांच्याबद्दल आपल्या प्रवासवर्णनांतून काही कळावे अशी अपेक्षा केली, तर हाती फारसे लागणार नाही.

कर्त्याचा हाच प्रश्न एकदा साऱ्या जगाने विचारला होता. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोहोचले. त्यानंतर लगेच, पहिले पाऊल कोणाचे, असा वाद वृत्तपत्रांतून माजला. दोघे एकाच दोराने बांधलेले होते. तेव्हा त्या प्रश्नाला गिर्यारोहणाच्या दृष्टीने फारसा अर्थ नव्हता. तेनसिंगने १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात हिलरी पहिला पोहोचला असे सांगून तो वाद मिटविला. मराठीत ‘दोघे चढले’ असे म्हटले की अनेकवचन दोघांनाही सारखेच सामावून घेते. पण ‘शेर्पा’ ह्या शब्दाचे जे झाले ते अनेकवचनाने सुधारण्यासारखे नाही. शेर्पा म्हणजे पूर्वेकडचे लोक. ते एका जमातीचे नाव आहे. आज मराठीत ‘आम्ही दोन शेर्पा घेतले’ असे लिहिले जाते, आणि ते ‘घेणे’ भाड्याच्या घोड्याच्या ‘घेणे’हून वेगळे नाही. जमातीचे नाव धंद्याचे नाव झाले, आणि मग ते सामानाच्या यादीत शिरले.

येथपर्यंतचे विवेचन सर्व मराठी लेखकांस लागू आहे. परंतु मी लोहाऱ्यास शिकवितो, आणि ह्या लेखनप्रकाराचा विचार मला त्या ठिकाणाहून करावा लागतो. धाराशिव जिल्ह्याच्या पूर्वेकडील हा तालुका. काळी जमीन, माकणीचे निम्न तेरणा धरण, चहूकडे माळ आणि मधून मधून टेकाडे. सह्याद्रीच्या किल्ल्यांतून मराठीला माची, बालेकिल्ला, सुळका, सोंड, नेढे, नाळ असे जे शब्द मिळाले ते आमच्या विद्यार्थ्यांस पुस्तकातून शिकावे लागतात. त्यांच्या जवळचा किल्ला नळदुर्गचा. तो बोरी नदीच्या काठी आहे. त्याला बांध आहे, पाणीमहाल आहे, पण गिरिदुर्गाची चढण नाही. म्हणजे प्रमाण मराठीतील डोंगराची भाषा ही मुख्यतः मावळची भाषा आहे, आणि बालाघाटावरच्या विद्यार्थ्याला ती जवळजवळ हिमालयाइतकीच परकी आहे. गो. नी. दांडेकरांसारख्या दुर्गप्रेमी लेखकाची शब्दसंपत्ती आपण मराठीची म्हणून गौरवितो, आणि ते योग्यच आहे. राजगडाच्या एकेका वळणाला त्यांच्याकडे शब्द आहे, आणि त्यांच्या गद्यात विशेषणांवाचून चढ जाणवतो. पण ती एका प्रदेशाची कमाई आहे, हे विसरू नये.

मात्र आमच्या विद्यार्थ्यांपाशी दुसरे काही आहे. आश्विनात तुळजापूरची वाट पायी चालणारी माणसे ह्या भागात घराघरांत आहेत. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने माझ्याकडे दोन निबंध दिले. एक हिमाचलातील पदभ्रमण शिबिराचा होता, दुसरा तुळजापूरच्या पायी वारीचा. पहिल्या निबंधात तंबू लागत होते, जेवण मिळत होते आणि खिंड सर होत होती. दुसऱ्यात मात्र प्रत्येक कामाला माणूस होता. अमुक वस्तीवरच्या बायकांनी पिठले-भाकरी वाढली, एका म्हाताऱ्याने पायाला तेल चोळून दिले, कोणाच्या तरी ओसरीवर रात्र काढली आणि सकाळी त्या घरच्या मुलाने वेशीपर्यंत सोबत केली. लिहिणारा हात एकच, वर्षही एकच. पहिल्या निबंधाची भाषा त्याने छापील वर्णनांतून उचलली होती. दुसऱ्यासाठी छापील नमुना नसल्याने त्याला स्वतःच्या बोलण्याकडे वळावे लागले, आणि तेथे कर्ता आपसूक परत आला. मी त्याला पहिला निबंध पुन्हा लिहावयास सांगितले तेव्हा त्याची अडचण वेगळीच निघाली. सात दिवस त्याचे जेवण कोणी रांधले, ते त्याला माहीत नव्हते. तुळजापूरच्या वाटेवर त्याने नावे विचारली होती. शिबिरात पैसे भरले होते, तेव्हा विचारण्याचे कारण पडले नाही. व्याकरणाची दुरुस्ती येथे थांबते. जे नाव विचारलेच नाही ते क्रियापद बदलून मिळत नाही.

‘भटकंती’ ह्या शब्दाचा उल्लेख येथे करणे आवश्यक आहे. भटकणे हे मराठीत फार काळ दूषण होते. काम नसलेला, ठिकाण नसलेला मनुष्य भटकतो, अशी समजूत. सुशिक्षितांनी सुटीत डोंगर हिंडण्यास प्रारंभ केल्यावर ‘भटकंती’ हा शब्द प्रतिष्ठा पावला आणि आज तो अभिमानाने मिरविला जातो. परंतु त्याच धातूपासून आलेला ‘भटक्या’ हा शब्द शासकीय दप्तरात ‘भटक्या जमाती’ म्हणून आहे, आणि तेथे तो कोणास मिरवावासा वाटत नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी बिऱ्हाड घेऊन मराठवाड्यातून पश्चिमेकडे जाणाऱ्यांच्या प्रवासास कोणी भटकंती म्हणत नाही, सहल तर नाहीच. एकाच क्रियेस चालणाऱ्याच्या ऐपतीप्रमाणे वेगळा शब्द मिळतो, ह्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

नामांचा विचार थोडक्यात करतो. ‘दरी’ हा शब्द संस्कृतात गुहेसाठी होता. कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गातील हिमालयवर्णनात दरी म्हणजे गुहाच. मराठीत तो दोन डोंगरांमधील खोलगट भागाकडे सरकला. ‘घाट’ हिंदीत मुख्यतः नदीकाठच्या पायऱ्यांसाठी, मराठीत त्याबरोबरच डोंगर उतरणाऱ्या वाटेसाठी. ‘घाटी’ हिंदीत दरी. मराठीत घाटावरचा मनुष्य, आणि मुंबईत तो शब्द कोणत्या सुरात उच्चारला जातो हे सर्वांस ठाऊक आहे. आमच्या ‘बालाघाटा’तील ‘बाला’ हा फारसी, म्हणजे वरचा. वऱ्हाडात त्याच्या जोडीस खालचा ‘पाईनघाट’ होता. असे शब्द जागेबरोबर अर्थ बदलीत जातात, आणि प्रवासवर्णनकाराने ह्या बदलाचे भान ठेवले तर वाचकास वाट दिसते. गढवालातील ‘बुग्याल’ म्हणजे झाडोऱ्याच्या रेषेवरचे उंच गवताळ माळ. हा शब्द मराठीत जसाच्या तसा घ्यावा असे माझे मत आहे. ‘हिरवे गालिचे’ असे लिहिल्याने गवत चारणारा गुराखी दिसेनासा होतो. भ्यूंडार खोऱ्याचेही तसेच. फ्रँक स्माइद कामेत शिखरावरून परतताना १९३१ मध्ये तेथे उतरला, त्याने १९३८ मध्ये पुस्तक लिहिले, आणि त्याने दिलेले ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ हे नाव मराठी वर्णनांतही तसेच राहिले. १९८२ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि चराई बंद झाली. ‘झाले’ आणि ‘झाली’. पाहा, हे वाक्य मी स्वतः लिहिले तरी अकर्तृकच उतरते, इतकी ह्या रचनेची सवय आपल्या गद्याच्या अंगी मुरलेली आहे.

बर्फाची गोष्ट अधिक निकडीची आहे. मराठी मनुष्याचा बर्फ बाजारातला. लाकडाच्या भुशात ठेवलेला, रसवंतीतला, गोळ्याचा. त्यामुळे आकाशातून भुरभुरणाऱ्या आणि उतारावर काचेसारख्या टणक झालेल्या अशा दोन्ही वस्तूंस आपण बर्फच म्हणतो. पहिल्यात पाय रुततो, दुसऱ्यावरून घसरतो. चालणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक जिवाचा आहे. काही लेखक भुरभुरीत त्यास ‘हिम’ आणि घट्ट त्यास ‘बर्फ’ असा भेद पाळू लागले आहेत. तो सर्वांनी पाळावा. पाठ्यपुस्तकांनी दिलेले ‘हिमनदी’, ‘हिमनग’ हे शब्द रुळलेले आहेतच.

काकासाहेब कालेलकरांचा उल्लेख केल्यावाचून हे विवेचन अपुरे राहील. साताऱ्यात १८८५ मध्ये जन्मलेला हा मराठी गृहस्थ १९१२ मध्ये स्वामी आनंदांसमवेत हिमालयात पायी हिंडला, आणि त्या प्रवासाचे पुस्तक त्याने गुजरातीत लिहिले. मराठी मातृभाषेच्या लेखकाचे हिमालयविषयक एवढे महत्त्वाचे गद्य मूळ मराठीत नसावे, ह्याची खंत काहींना वाटते. मला वाटत नाही. कालेलकरांनी सुटीची भाषा वापरली नाही, कारण ते सुटीवर गेलेच नव्हते. त्यांची भाषा यात्रेकरूची आहे आणि यात्रेकरूला पर्वत ‘करण्या’ची घाई नसते. तिच्या मर्यादाही उघड आहेत. पुराणांतील हिमालय समोरच्या हिमालयावर पुष्कळदा पडदा टाकतो. परंतु आजच्या लेखकास ती वाट मोकळी नाही. श्रद्धेवाचून यात्रेची शब्दावली उचलली तर ‘निसर्गदेवतेच्या दर्शनाने धन्य झालो’ असली वाक्ये तयार होतात, आणि ती मोहिमेच्या वाक्यांहूनही पोकळ वाजतात.

त्यापेक्षा अधिक उपयुक्त नमुना आपल्या भाषेच्या प्रारंभीच आहे. महानुभावांच्या स्थानपोथीत चक्रधरांच्या वास्तव्याची ठिकाणे नोंदविताना देऊळ कोणत्या दिशेस आहे, दार कोणीकडे तोंड करून आहे, आसन कोठे होते, एवढेच सांगितले आहे. स्थळाची थोरवी सांगणारे विशेषण तेथे शोधून सापडणे कठीण. ज्या पंथाला त्या जागा प्राणांहून प्रिय होत्या त्याने त्या अशा कोरड्या अचूकपणे लिहून ठेवल्या, कारण मागून येणाऱ्याला त्या सापडावयास हव्या होत्या. आमच्या सुटीच्या वर्णनांत पाणी कोठे आहे आणि वाट कोठे फुटते, हेही पुष्कळदा कळत नाही.

राहता राहिला सर्वनामाचा मुद्दा. मराठीत प्रथम पुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ‘आम्ही’मधून ऐकणारा वगळलेला असतो, ‘आपण’मध्ये तो असतो. द्राविड भाषांच्या शेजाराशी ह्या भेदाचा संबंध जोडला जातो. आमच्या सीमाभागात तो शेजार रोजचा आहे. प्रवासवर्णन ‘आम्ही’ने चालते, मार्गदर्शिका ‘आपण’ने : येथून आपण डावीकडे वळतो, येथे आपल्याला ओढा लागतो. अलीकडे ही दोन रूपे एकाच वर्णनात मिसळू लागली आहेत आणि वाचकास सोबत घेतल्याचा भास त्यातून होतो. पण ‘आम्ही’च्या आत कोण कोण आहे, हा प्रश्न दोन्ही रूपांना सारखाच चुकविता येतो. ‘आम्ही बारा जण निघालो’ असे वर्णनाच्या पहिल्या परिच्छेदात येते. पुढे शेवटच्या मुक्कामाचे छायाचित्र असते, आणि त्यात माणसे मोजली तर कधी सोळा भरतात, कधी अठरा.